उपासातली गोळी

तुम्ही यांच्या उपासांचं कौतुक करता, म्हणून सांगते. यांच्या शरीरात एक हार्मोन तयारच होत नाही, त्यामुळे त्याची गोळी रोज घ्यावी लागते. एका नवरात्रात यांना उलट्या सुरू झाल्या आणि हे अंगणातच कोसळले. हातपाय गार पडले होते. दिरानं आणि मी रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली काय?"

मी नाही म्हणणार, तोच दीर हळूच बोलला, "वहिनी, दादानं उपासात गोळीबी सोडली."

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. कितीतरी वेळानं यांनी डोळे उघडले आणि हे पुटपुटले, "उपास मोडला काय वं?"

मी म्हटलं, "मोडला. देवीले चाललं, म्हणून तर बोलून राहिले तुम्ही."