चौदा लिटर तेल, सध्या घाटात

नाव : कामावर सगळे भिंगरी म्हणतात. कागदावरचं नाव ओळखपत्रात आहे, त्याची प्रत जोडली आहे. वय : तेवीस. शिक्षण : चौथी, आणि पाचवीत दोन महिने. धंदा : ट्रक दुरुस्ती. राहणार : मालवाहतूक यार्डाच्या मागे, कामगारांच्या खोल्या, खोली नंबर नऊ. मूळ गाव इथून दोन दिवसांच्या वाटेवर.

मी आज बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता ठाण्यात स्वतःच्या पायाने आलो आणि विचारल्यावरून सांगतो, की मी वर लिहिलेल्या यार्डात आठ महिन्यांपासून कामाला आहे. त्याआधी बेकरी, लाकडाची वखार, लिफ्ट बसवण्याचं काम आणि आणखी तीन ठिकाणी होतो. कुठेच चार महिन्यांवर टिकलो नाही, म्हणून नाव भिंगरी पडलं. इथे मला दाजींनी चिकटवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर. ते याच यार्डात ड्रायव्हर आहेत. मला घेताना जामीन म्हणून त्यांनी सही केली होती. मी काही भानगड केली आणि त्यांना ती माहीत असली, तर दोघांनाही काढायचं, असं त्या कागदावर आहे. हे मला काल कळलं.

दाजी आणि मी एकाच खोलीत राहतो. चार महिन्यांपासून आमचं बोलणं बंद आहे. कारणाचा या प्रकरणाशी संबंध नाही. ताईचा फोन मला येतो तेव्हा ती विचारते, "हे जेवले का रे?" मी हो म्हणतो. मग दाजींचा फोन वाजतो. तेही हो म्हणतात.

दाजींकडे एकेचाळीस नंबरची गाडी आहे. सिमेंटच्या गोण्या घेऊन घाटावरच्या बोगद्याच्या कामावर जाते, रिकामी परत येते. गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर ती आपली आपण टाकते. ते काम गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोरावर होतं. तेल जळलं की गाडी गिअर उशिरा घेते. सपाट रस्त्यावर त्याने फारसं बिघडत नाही. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी आधी मागे येते. मागे काय आहे, त्यावर पुढचं ठरतं.

गेल्या शुक्रवारी सकाळी साडेआठच्या सुमारास फाटकाजवळच्या चढावर एकेचाळीस नंबर दीड हात मागे आली. मागे वॉचमनची सायकल होती, ती आडवी झाली. सायकलच्या मागे वॉचमन होता, तो पळाला. दाजींनी उतरून सायकल उभी केली आणि म्हणाले, "गाडीला मधेच डुलकी लागते."

वॉचमन म्हणाला, "डुलकी तिला लागली, पण झोप माझी उडाली ना!"

मी तिथेच होतो. दाजी माझ्याशी काही बोलले नाहीत. गाडीकडे बघून म्हणाले, "वर घाटात दोनदा झालं असं." मग माल भरायला गेले.

मी गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढून तेलाचा थेंब कागदावर घेतला. नवं तेल लाल असतं. हे काळं होतं आणि जळक्या वायरीचा वास येत होता. तो कागद घेऊन मी सर्व्हिस मॅनेजरांकडे गेलो. त्यांना माघारी पुस्तकसाहेब म्हणतात, कारण गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढंच ते करतात. मी म्हणालो, "साहेब, एकेचाळीसचं गिअर तेल गेलंय."

"किती चालली?"

"बासष्ट हजार."

"पुस्तकात किती लिहिलंय?"

"मला ती भाषा येत नाही, साहेब."

"मला येते ना! ऐंशी हजार. अजून अठरा हजार बाकी आहेत. तेल काय वास घेऊन बदलायचं? तू मांजर आहेस का?"

त्या पुस्तकातली भाषा मला येत नाही हे खरं आहे. पण तेलाच्या पानावर दोन चित्रं आहेत. एका चित्रात सपाट रस्ता आहे, त्याच्यापुढे ऐंशी हजार. दुसऱ्या चित्रात डोंगर आहे आणि त्यावर भरलेला ट्रक, त्याच्यापुढे चाळीस हजार. आकडे मला येतात. डोंगरही ओळखता येतो. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चित्रं बघायची असतील तर बालवाडीत जा." आणि गाडीच्या कागदावर 'चालण्यास योग्य' असा शिक्का मारला. सोमवारची फेरी ठरली.

रविवारी सुट्टी असते. दाजी कपडे धूत होते. मी सकाळी साडेदहाला यार्डात गेलो. स्टोअरकीपर, ज्याला किल्ली म्हणतात, तो माल मोजायला आला होता. मला बघून म्हणाला, "मी चहाला जातो. आज तासभर लागेल बघ." रोज त्याला दहा मिनिटं लागतात. रविवारी चहाचं दुकान बंद असतं. हे बोलण्याच्या ओघात निघून गेलं. किल्लीचा यात काही संबंध नाही, असं लिहावं.

स्टोअर उघडं होतं. मी गिअर तेलाचे दोन-दोन लिटरचे सात डबे घेतले. चिठ्ठी केली नाही, कारण चिठ्ठीवर पुस्तकसाहेबांची सही लागते. एकेचाळीस नंबर यार्डातल्या यार्डात फिरवून गरम केली, कारण थंड तेल गाळ सोडत नाही. मग खालचा बोल्ट काढून जुनं तेल उतरवलं, तळाचा चेंबर खोलला. आतल्या चुंबकावर लोखंडाच्या भुकटीची साय आली होती, बोटाचं अर्धं पेर जाड. ती पुसली. तेल गाळायची जाळी धुऊन परत लावली. नवं तेल भरलं, गाडी चालू ठेवून सगळे गिअर एकेकदा घेतले, पट्टी बघितली. सव्वाबाराला काम संपलं. रिकामे डबे रॅकवर होते तसेच लावून ठेवले, लेबलं पुढे करून. ही लबाडी होती, ती मला मान्य आहे.

खोलीवर आलो तेव्हा दाजी दोरीवर शर्ट टाकत होते. माझ्या कपड्यांकडे त्यांनी बघितलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सोमवारी पहाटे ते गाडी घेऊन गेले.

काल मंगळवारी साधारण अकरा वाजता पुस्तकसाहेबांनी दुसऱ्या गाडीसाठी स्वतः एक डबा उचलला. तो त्यांच्या अंदाजापेक्षा हलका लागला. मग त्यांनी उरलेलेही उचलून बघितले. सगळ्यांना उभं करून विचारलं. पहिली पंधरा मिनिटं मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, "एकेचाळीसच्या ड्रायव्हरनेच तेल विकलं असणार, शुक्रवारपासून गाडीच्या नावाने कुरकुर चाललीय त्याची." आणि कपाटातून जामिनाचा कागद काढला. तेव्हा मी हो म्हणालो, आणि तेल कुठे आहे तेही सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. जुन्या तेलाच्या पिंपात त्यांनी काठी घालून बघितली. पीप चौदा लिटरने वर आलं होतं.

त्यांनी सगळ्यांसमोर स्पीकर लावून दाजींना फोन केला.

"तुमच्या मेव्हण्याने चोरी केलीय."

"काय चोरलं?"

"गिअर तेल. चौदा लिटर."

"विकलं?"

"नाही. तुमच्या गाडीत घातलं."

स्पीकरवर गाडीचा आवाज येत होता. आवाज चांगला होता. मग दाजी म्हणाले, "तरीच."

"तरीच काय?"

"काही नाही साहेब, चढ लागलाय. ठेवतो."

या 'तरीच'वरून साहेबांनी तक्रारीत लिहिलं आहे, की दाजींना आधीपासून माहीत होतं आणि आम्ही दोघांनी मिळून केलं. ते चूक आहे. आधीपासून माहीत असतं तर माणूस "काय चोरलं" असं विचारत नाही. गाडी सोमवारपासून एकदाही मागे आली नसणार, ती का येत नाही हे त्यांना त्या वेळी कळलं, म्हणून तो शब्द तोंडातून निघाला. दाजी उद्या गुरुवारी खाली उतरतील. तेव्हा त्यांच्यासमोर हा जबाब ठेवावा.

हवालदारसाहेबांनी विचारलं, मुद्देमाल कुठे आहे. मी सांगितलं, गाडीत. गाडी कुठे आहे? घाटात. तो काढून जप्त करता येईल का? येईल, पण मग गाडी हलणार नाही, ती ठाण्यातच ठेवावी लागेल. शिवाय बोल्ट काढल्यावर सगळं तेल येत नाही, निम्मं वर, क्लचच्या जागी कन्व्हर्टर असतो, त्यात राहतं. त्यामुळे चोरीचं तेल आणि कंपनीचं जुनं तेल आता एकमेकांत मिसळलं आहे, वेगळं काढता येणार नाही. हवालदारसाहेब म्हणाले, "नोकरीत पहिल्यांदाच बघतोय, चोरानं माल मालकाच्याच घरात लपवला." हे लिहू नये असं त्यांनी सांगितलं होतं, पण ते लिहिलं गेलं आहे.

परवानगीशिवाय तेल घेतलं, हा माझा गुन्हा मला कबूल आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, दाजींनी तर मुळीच नाही. हे मी तिसऱ्यांदा सांगत आहे, ते तिन्ही वेळा लिहावं.

आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावरून सांगतो, की तेल बदललं तेव्हा गाडीच्या घड्याळात ६२,३४० किलोमीटर होते. निम्मं जुनं तेल आत राहिल्यामुळे पुढची बदली चाळीस हजारांची वाट न बघता दहा हजारांनीच करावी. घाटाच्या फेऱ्या बघता ते तीन महिन्यांत भरतील. तोवर मी या कामावर असेन असं वाटत नाही. जो करेल त्याने गाडी गरम असतानाच तेल उतरवावं, आणि जाड हातमोजे घालावेत, माझ्याकडे नव्हते. आकडा ७२,३४०. यार्डात तो कुणी लिहून ठेवणार नाही, म्हणून इथे अक्षरांतही लिहावा : बहात्तर हजार तीनशे चाळीस.

वरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, मी तो ऐकला. मी बोललो तसाच उतरला आहे. आकडा दोनदा वाचून घेतला, बरोबर आहे. खाली सही करतो.