दोनशिंग्या डोंगरावरचं विमान

ऐका! ए पोरींनो, हसू नगा. हसली तिला आत्ता अंधारात पानी आनाया धाडीन.

मी नवी नवरी व्हते तवाची गोष्ट. साताऱ्याकडचा दिनकर नावाचा मानूस यष्टीतून उतरला. हातात रद्दीत गवसलेला जुना फोटू, मागं गावाचं नाव न्हाई. फोटूत पडलेल्या विमानाची शेपटी, तिच्यावर नंबर, आन् मागं दोन शिंगांचा डोंगर. नंबर त्याच्या बापाच्या विमानाचा. जर्मन लढाईत बाप त्यात मेकॅनिक व्हता. गेला तवा दिनकर आईच्या पोटात! पर विमान पडलं कुठं, कुनालाच ठावं न्हाई. आई म्हनायची, "जागा सापडल्याबिगर कुंकू पुसनार न्हाई." केस पिकले बिचारीचे, कुंकू तसंच.

आमचं गाव लई संशयी. त्याच विमानाच्या पत्र्याची डोन आमच्या गोठ्यात, म्हशी पानी पित्यात तिच्यात. गावाला वाटलं, हा सरकारचा मानूस, पत्रा न्यायला आला! सासरा म्हनला, "असला डोंगर आमच्याकडं न्हाईच." अवो, डोंगर समोरच उभा, पर ढगात!

सासूनं च्या दिला. तो तिला म्हनला, "वडील आईला 'ऐकलंस का' म्हणायचे. अजून कुणी तसं म्हटलं की ती वळून बघते." माझ्या डोळ्यांत पानीच आलं.

दिवस बुडाला आन् ढग हटलं. दोन शिंगं! दिनकरनं ओळखलं, हे गाव खोटं बोलतंय. कुनाला न सांगता बॅटरी घेऊन निघाला एकटाच.

खिंडीत शिरला, तर वर घरघर! आभाळात काय बी न्हाई. मग पुढं दिवा. हा थांबला की दिवा थांबतोय, हा चालला की चालतोय. बॅटरी इझली. पेट्रोलचा वास आला. आन् समोर कोन? चामडी टोपी, खाकी कपडं. घरातल्या तसबिरीतला बाप! पोरापरीस तरना!

"दिनू, आलास? चल, विमान दावतो."

दिनकर रडतच मागं निघाला. पर मनात वहीम. बापानं आपल्याला बघितलंच न्हाई, नाव कसं ठावं? त्यानं इचारलं, "आईला काय सांगू?"

तो हसला. "यमुनेला म्हन, कुंकू पूस."

बाई गं! त्या काळी बायकोचं नाव असं धडाधड कोन घेत व्हतं? आमच्या ह्यांनी तरी घेतलं का कवा? दिनकर जागीच थांबला. "तू माझा बाप नाहीस!"

झालं! घरघर डोक्यावर आली. कुनीतरी सदरा वडाया लागलं, पुढं, पुढं. त्यानं करवंदीच्या जाळीला मिठी मारली. काटं रुतलं, पर सोडली न्हाई, पार उजाडंस्तवर.

सकाळी बघतोय, तर पायाच्या पुढं कडा. आन् समोर दोन शिंगं, फोटूतल्यावानी हुबेहूब.

गाव हुडकाया गेलं, त्याला घरी आनला. त्याचं रगताळलेलं हात बघून सासऱ्यानं गुमान डोन उलटी केली. खाली तोच नंबर.

पुढल्या साली दिनकर नारळ घेऊन आला, तवा त्यानं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हनली, "माझं नाव घेतलं? मग ते नव्हतेच. म्हणजे ते भटकत नाहीत रे, सुटलेत." आन् आपल्याच पदरानं कुंकू पुसून हंबरडा फोडला.

तवा सांगते, रातचं त्या खिंडीनं जाऊ नगा. बापाच्या आवाजात कुनी बोलावलं तरी ओ देऊ नगा. दिनकरवानी इचारत बसू नगा, पळा!

आता का गप झाल्या गं? उठा, पानी कोन आनतंय?