गिरणीची कपबशी

कुरिअरच्या ऑफिसात सावित्रम्मा शेंगाचटणीचं पार्सल मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. खिडकीशी त्यांच्याच वयाची एक बाई तिथल्या मुलीशी बोलत होती.

“मावशी, ऑनलाइन लिलावातली कपबशी फुटून आली, ती तक्रार तुमचीच ना?”

“व्हय. नातवानं घिऊन दिली. आमच्या बंद पडल्याल्या गिरणीची हाय. नाव बघ की तिच्यावर.”

“तक्रार मंजूर झाली. पैसे परत मिळतील. कप द्या.”

“घे. तीन तुकडं हायत.”

“आणि बशी?”

“ती धड हाय की.”

“जोडीच परत द्यावी लागते. नुसत्या बशीचं काय करणार तुम्ही?”

“मी बाचा डबा घिऊन गिरणीत जायची. कँटीनमधी बा कपातनं च्या प्यायचा आन् शेवटचा घोट बशीत वतून मला द्यायचा.”

“मग तक्रार मागं घेतली, असं लिहू?”

“लिही. आन् ते तुकडं बी दे हिकडं.”

“फुटका कप कशाला, मावशी?”

“आगं, बशीत वतायचं कशातनं?”

सावित्रम्मांनी पार्सल उचलून बाकावर जागा केली.

“बसा जरा. माझे वडीलही गिरणीतच, सूतखात्यात होते. तुमचे?”