पाहिल्याची तारीख

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची गाडी यायची होती. माझ्या पाठीमागच्या बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर प्रबंधाचं जाडजूड बाड होतं.

“ममता, तिकडे कापूस वेचाले बाया आल्या अन् तू मले यवतमाळले कायले नेऊन राह्यली? प्रबंध तुहा, सर तुहे.”

“सरांनी प्रबंध वापस केला. तुमच्यापायी. सोमवारी जमा कराचा आहे.”

“म्या काय केलं? नेटवरच्या सगळ्या लिंका तर टाइप करून देल्या.”

“ते पान आपण कोणत्या दिवशी पाह्यलं, हे लिंकेपुढे लिहा लागते. तारखा मले विचारून टाका म्हटलं होतं.”

“तू फोनच उचलत नव्हती. मंग सगळ्याईले एकच टाकून देली.”

“अजी, पण कोणती?”

“आठवली ते. सात मे.”

“आपल्या लग्नाची!”

“दुसरी कोणती तारीख पाठ आहे मले?”

“सर लग्नात जेवून गेले ना! म्हणे, बाई, त्या दिवशी तुम्ही सकाळपासून स्टेजवर होत्या. एवढ्या वेबसाइटी कवा पाह्यल्या?”

“मंग सांगून टाकाचं, नवऱ्यानं घोळ केला म्हणून.”

“सांगतलं.”

“मंग?”

“म्हणे, याले संदर्भ काय?”

“मंग?”

“मंग काय! उठा, गाडी लागली.”