साच्यांची भिंत

या, असे जवळ सरका. देवापुढे बसल्यासारखे शांत बसा, म्हणजे एक गोष्ट सांगतो. मेंदूच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो. शेजारी बहीण-भाऊ. जोडे शिवणारे त्यांचे वडील आत तपासणीला.

"ताई, डॉक्टर म्हणाले ते कळलं तुला?"

"कळलं. मेंदूची राखण आणि झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. अण्णांच्या पिसाळल्यात. कचऱ्याबरोबर आठवणींचे चांगले सांधेही खातायत."

"म्हणजे आपला काही दोष नाही."

"आजारात नाही. पण भिंतीवरचे लाकडी साचे कुणी काढले?"

"अगं, धूळ खात होते! खोली स्वच्छ केली, एवढंच."

"गिऱ्हाइकाच्या पायाचा एकेक साचा चाचपून ते माणूस ओळखायचे. माझा हातात घेतला की म्हणायचे, 'आलीस का गं, पोरी?'"

"मला काय माहीत?"

"कसं असणार? आलास, झाडू हाणलास, निघालास. त्या पेशी तरी आजारानं पिसाळल्या!"

"भंगारवाल्याकडे जाऊन बघतो."

"जाऊन आले मी. त्यानं केव्हाच जाळले."

तेवढ्यात नर्सने म्हाताऱ्यांना बाहेर आणले. ते लेकीसमोर खाली बसले आणि वितीने तिचे पाऊल मोजू लागले.

"बाई, या पायाचा साचा आहे माझ्याकडे. घरी, भिंतीवर. तो हातात आला की सांगतो, तुम्ही कोण ते."

मंडळी, उद्या जोडे पायात घालताना त्या म्हाताऱ्यांची आठवण काढा. एवढंच मागणं.