सान फेर्मोची लांब फेरी

इल्दे: थांब जरा. या वाट दाखवणाऱ्या बाणाच्या खांबाला टेकते मी. तूच पुरलायस ना, मग पडायचा नाही.

लोरिस: टेका खुशाल. फक्त सायकल त्या बाजूवर आडवी टाकू नका, मावशी. मागचा गियर वाकतो.

इल्दे: म्हातारी वाकली तरी चालेल, गियर वाकायला नको. फोनवर काय म्हणाला होतास? तळ्याच्या काठाकाठानं जाऊ. आणि चर्चच्या मागून थेट सान फेर्मोच्या डोंगरावर चढवलंस.

लोरिस: शनिवारी काठावर पाय ठेवायला जागा नसते. अख्खं बेर्गामो शहर कुत्री घेऊन येतं.

इल्दे: मागल्या शनिवारीही आलं होतं. आपण काठाकाठानं गेलो, आइस्क्रीम खाल्लं, घरी आलो.

लोरिस: मला हे बाणही बघायचे होते. हिवाळ्यात लाकडं ओढणाऱ्या ट्रॅक्टरनं वरचे एक-दोन पाडलेत. आता जर्मन पर्यटक यायला लागतील. बाण दिसला नाही की ते जागचे हलत नाहीत.

इल्दे: अजून किती चढ आहे?

लोरिस: चेस्टनटचं रान संपलं की कुरण, कुरणाच्या टोकाला पाण्याचा नळ. खडी सैल आहे, बसूनच चालवा. उभ्या राहिलात तर मागचं चाक घसरेल.

इल्दे: चल. तू पुढे हो. मागून तुझा श्वास ऐकू आला की मला घाई होते.

लोरिस: बघा, नळापाशी पोचलात. एकदाही उतरला नाहीत.

इल्दे: उतरायचं होतं. तू वळून बघत होतास म्हणून नाही उतरले.

लोरिस: आधी पाणी प्या. गार आहे.

इल्दे: लोरिस, मोनियाचा फोन आला होता.

लोरिस: घोट घोट प्या, घाम आलाय.

इल्दे: पाणी पाणी करू नकोस. गावातून निघाल्यापासून हे तोंडात घोळवतेय मी. माझी पोर परत येतेय. कायमची. नॉर्वेतलं सगळं आवरून. पाचवा महिना चालू आहे तिला.

लोरिस: बरं झालं.

इल्दे: तुला धक्का नाही बसला?

लोरिस: चढावर सगळा दम संपला. धक्क्यापुरता उरला नाही.

इल्दे: वरच्या मजल्यावर राहणार आहेत. ती आणि तिचा तो हाल्वोर. माणूस चांगला आहे म्हणतात. मक्याच्या पोलेंतावर साखर घालून खातो, पण चांगला आहे.

लोरिस: साखर घालणारी माणसं चांगलीच असतात.

इल्दे: हसवू नकोस. तिनं एक अट घातलीय.

लोरिस: कसली?

इल्दे: तू नको. रविवारी जेवायला नको, शनिवारी सायकलवरही नको. घरात नको म्हणाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण डोंगरावरसुद्धा नको? डोंगर काय तिच्या सासऱ्याचा आहे?

लोरिस: मग तुम्ही काय म्हणालात?

इल्दे: नाही म्हणाले.

लोरिस: मावशी.

इल्दे: पुरतं ऐकून घे. मी म्हणाले, लग्नाचा हॉल ठरला होता, माझ्या बहिणीनं शिवलेला पोशाख कपाटात लटकत होता, आणि तू लोरिसला टाकून उठून गेलीस. मी एक शब्द बोलले नाही. तुझे बाबा गेले, तू आलीस, फुलं ठेवलीस, परत गेलीस. त्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात कोट घालून बसायचे, कारण घर तापवणारा बॉयलर बंद पडला होता आणि मला तो सुरू करावासा वाटत नव्हता. तेव्हा कोण आलं? आणि बॉयलर सुरू झाल्यावरही कोण येत राहिलं? स्वतःच्या दुकानातली जुनी सायकल खोलून, माझ्या मापाची करून, दारात कुणी आणून ठेवली?

लोरिस: पहिल्याच दिवशी तुम्ही खाजऱ्या झुडपात पडलात.

इल्दे: तेही सांगितलं. म्हणाले, त्या दिवशी माझा बात्तिस्ता गेल्यानंतर पहिल्यांदा मी हसले. अंगभर आग होत होती आणि मी हसत होते.

लोरिस: ती काय म्हणाली?

इल्दे: रडली. फोन ठेवला. त्यानंतर तीही करत नाही, मीही करत नाही. येत नसेल तर न येवो. मी ठरवून टाकलंय. तुला तेच सांगायचं होतं. असा काय बघतोस? मला वाटलं होतं, तुला आनंद होईल.

(खालच्या कुरणात गाईंच्या घंटा वाजत राहतात.)

लोरिस: तिनं मलाही फोन केला होता.

इल्दे: कुणी?

लोरिस: मोनियानं. तुम्हाला करायच्या आधी.

इल्दे: तुला? इतक्या वर्षांत एकदा तरी केला होता?

लोरिस: नाही. आवाज ओळखायलाच वेळ लागला. भांडली नाही ती. म्हणाली, नाताळात घरी आले तेव्हा दारात तुझे बूट होते. फ्रिजवर तुझा फोटो होता. आई मला सांगत होती की कॉफीचं भांडं आता वरच्या फळीवर असतं, लोरिसनं फळी लावलीय. माझ्याच घरात मला भांडं सापडेना. मग म्हणाली, मला बाळ घेऊन माझ्या आईकडे यायचंय, लोरिस. तुझ्या आईकडे नको.

इल्दे: असं म्हणाली?

लोरिस: हो.

इल्दे: आणि तू?

लोरिस: मी बरं म्हणालो.

इल्दे: बरं म्हणालास.

लोरिस: हो.

इल्दे: वा. म्हणजे परस्पर ठरलंसुद्धा. मी काय बाजारातली गाय आहे? एकानं दावं सोडायचं, दुसऱ्यानं धरायचं. मला कुणी विचारलं?

लोरिस: नाही विचारलं.

इल्दे: आणि मी मूर्ख. पोटच्या पोरीला, तिच्या पाचव्या महिन्यात, येऊ नकोस म्हणून बसले. कुणासाठी? जो आधीच मला देऊन मोकळा झाला होता, त्याच्यासाठी. एवढा कंटाळा आला होता तर तोंडानं सांगायचं होतंस.

लोरिस: कंटाळा आला असता तर सोपं गेलं असतं.

इल्दे: मग का?

लोरिस: तुम्ही तिला नाही म्हणाल याची भीती होती मला. आणि तुम्ही तेच केलंत. आता समजा, ती खरंच आली नाही. आपण दर शनिवारी असेच फिरू, रविवारी मी तुमच्याकडे कासोन्चेल्ली पास्ता खायला येईन. तिकडे मूल चालायला लागेल. तुम्ही मला दोष देणार नाही. मला माहीत आहे ते. पण एखाद्या दिवशी फ्रिजकडे बघाल, तिथं त्या मुलाचा फोटो नसेल, आणि मग माझ्याकडे बघाल. ती नजर मला बघायची नाहीये.

इल्दे: अजून तिच्यासाठीच करतोस तू हे.

लोरिस: नाही. सुरुवातीला यायचो तिच्यासाठी. बॉयलर हे निमित्त होतं. वाटायचं, बोलता बोलता तुम्ही तिचं काही सांगाल. ती कशी आहे, कधी येणार आहे. मग कधीतरी विचारायचं राहून गेलं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. येणं मात्र थांबलं नाही.

इल्दे: हे आज सांगतोस?

लोरिस: आज नाही तर कधी?

इल्दे: मी लोकांना काय सांगू, लोरिस? जावई तू झाला नाहीस. मुलगा नाहीस. बात्तिस्ता गेला तेव्हा निदान काळे कपडे घालता आले. शेजारणी सूप घेऊन आल्या. तुझ्यासाठी मी काळे कपडे घातले तर गाव हसेल.

लोरिस: मी मेलो नाहीये, मावशी. तळ्याच्या पलीकडे आहे. स्पिनोनेत.

इल्दे: तेच तर. रोज रात्री तुझ्या दुकानाचा दिवा दिसणार.

लोरिस: मी माझ्या बाजूच्या वाटा धरीन. रान्झानिको गावाच्या वर चांगली खडीची वाट आहे. तुम्ही तुमच्या काठानं जा. ही लांबची फेरी मात्र एकटीनं करू नका, पावसानंतर तर नाहीच.

इल्दे: आणि मार्चमध्ये? बेडूक रस्ता ओलांडून तळ्यात जायला निघतात, तेव्हा गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून त्यांना बादल्यांतून पलीकडे न्यायला कोण येणार? माझ्या बाजूला माणसं कमी पडतात.

लोरिस: हाल्वोरला शिकवा.

इल्दे: तो बेडकावरही साखर घालेल.

लोरिस: फोन करा तिला.

इल्दे: घरी गेल्यावर करते.

लोरिस: घरी गेल्यावर तुम्ही करणार नाही. इथं रेंज मिळते. करा. मी तोवर चाकाची हवा बघतो.

इल्दे: मोनिया? मी, आई. नाही, पडले नाहीये. डोंगरावर आहे. ऐक. तू ये. हो. तू म्हणालीस तसंच. हो, सगळंच, शनिवारसुद्धा. आहे, इथंच आहे, हवा भरतोय. नाही गं, तो काही वाईट बोलला नाही. कधी बोललाय? रडू नकोस. पोटातल्याला त्रास होतो. वरची खोली मी रंगवून घेते. पिवळी नको? बरं, मग तू आल्यावर ठरव. कॉफीचं भांडं जिथं होतं तिथं ठेवते. ठेवू आता? हो. मी पण.

लोरिस: काय म्हणाली?

इल्दे: विचारत होती, लोरिस ठीक आहे का.

लोरिस: तिनं विचारलेलं मला ऐकू नाही आलं. तुम्ही त्याचं उत्तरही दिलं नाहीत.

इल्दे: विचारायला हवं होतं तिनं. म्हणून मी तुला सांगितलं.

लोरिस: बरं.

इल्दे: आता खाली कसं जायचं?

लोरिस: तुम्ही ही उजवीकडची घ्या. तासाभरात घरी. मी मागच्या बाजूनं उतरतो, वळसा घालून जातो. तुमच्या गावातून नको.

इल्दे: म्हणजे इथंच?

लोरिस: इथंच बरं आहे. खाली ओळखीची माणसं भेटतात.

इल्दे: तू आधी जा. तू मागे उभा राहिलास तर मी वळून बघेन, आणि मग खरंच पडेन.

लोरिस: ठीक आहे. निघतो, मावशी.

इल्दे: जॅकेटची चेन लाव. उतारावर वारं लागतं.

लोरिस: लावली.

इल्दे: हळू जा. पोचलास की फोन कर.

लोरिस: मावशी.

इल्दे: हो. नको करूस. नुसता पोच.