पेरूच्या खोक्यातली गाणी

नाही, पण मला एक सांगा, पाटी लावायची कॅसेट लायब्ररीची, दर महिन्याला वर्गणी घ्यायची, आणि माणूस तंगडतोड करत दारात आला की खुर्चीतून बूड न हलवता म्हणायचं, "बाहेर गेलीय!"... ही काय पद्धत झाली? आमच्या कारभाऱ्यांनी करायचं काय मग?

कारभारी म्हणजे माझे शेजारी हो! राहाता गावात आमचा बांधाला बांध, त्यांची पेरूची बाग, माझीही पेरूचीच, फक्त त्यांचे पेरू गोड. चौऱ्याण्णव साल. त्यांची बायको, साळूबाई, पाटाच्या कडेला घसरली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर, तीन महिने हलायचं नाही. आता तुम्हाला सांगतो, साळूबाईला झोपवून ठेवणं म्हणजे... अहो, कुणाची हळद असो की बारसं, ही आल्याशिवाय गाणं सुरूच व्हायचं नाही! ती बाई आठव्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडली. बोलेना, जेवेना, ताट जसंच्या तसं माघारी. कारभारी हबकलेच! वीस वर्षांच्या संसारात बोलायचं काम त्यांच्यावर कधी आलंच नव्हतं हो!

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

भिंतीकडून आवाज आला, "गवळनी."

झालं! गेले सायकल मारत बाजारपेठेत, श्रीमंतच्या लायब्ररीत. भरली वर्गणी. आणि श्रीमंत काय म्हणाला? ओळखा... "बाहेर गेलीय!" दुसऱ्या दिवशी? बाहेर गेलीय! चौथ्या दिवशी तर म्हणतो, "भाऊ, ही न्या, ह्याच्यातबी बाईच गाती!" कारभाऱ्यांनी आणून घरच्या जुन्या टेपवर लावली, तर सगळी डिस्कोची धिंगाणागाणी. साळूबाईनं डोक्यावरून चादर ओढून घेतली. एकदा गवळणीची मिळाली म्हणता म्हणता, ती दुसऱ्या दिवशी दहाच्या आत परत द्यायची! बाईच्या चेहऱ्यावर जरा कुठं तरतरी यायला लागली की हे कॅसेट काढून सायकलवर. आणि पुढच्या वेळी? बाहेर गेलीय!

त्या दिवशी कारभारी भडकले. "न्हाई पायजे तुझी लायब्ररी! माझ्या घरचीच गानी करतो मी!" म्हणजे नक्की काय करणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, रागात माणूस बोलतो!

मार्ग काढला रंभाजीनं. हा साखर कारखान्यात कामाला, आमच्या बुद्धविहाराशेजारी घर. घरचा टेप नुसता वाजायचा, म्हणून नगरला गेला होता तिथून हा कारभाऱ्यांसाठी आवाज भरणारा टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी घेऊन आला, आणि म्हणाला, "भाऊ, हे लाल बटन आन् हे शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. मग आपन बोलू ते आत जातं."

"आपलं? आपल्या तोंडचं?"

"व्हय. आमच्या आईचंबी."

आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच आईला, चांगुणाबाईला, घेऊन आला. म्हातारीनं पदर सावरला, टेपला नमस्कार केला, आणि भीमाचा पाळणा असा म्हटला, असा म्हटला, की भिंतीकडचं तोंड हळूच वळलं. मग गोजरबाई आली गवळणी म्हणायला. तिनं डोळे मिटून सूर लावला आणि ऐन रंगात, त्याच सुरात, "अगं सूनबाई, शेळी सुटली गंऽऽ..." तेही आत गेलं! पुसणार कसं? कारभाऱ्यांना पुसता कुठं येत होतं?

वस्तीतल्या बायका येत गेल्या, कॅसेटी भरत गेल्या. कारभारी त्यांच्यावर नावं लिहून पेरूच्या खोक्यात लावून ठेवायचे. पण साळूबाई ऐकायची, जेवायचीही थोडं, हसायची मात्र नाही. आणि तुम्हाला सांगतो, हसणारी बाई हसायची थांबली की घर कसं खायला उठतं!

मग एके दुपारी घोळ झाला. कारभाऱ्यांनी अर्ध्यावर राहिलेली गोजरबाईची कॅसेट लावायला घेतली, बटणं दाबली, दाबली ती दोन्ही! साळूबाईचा डोळा लागला होता, आणि गाणं लागलं का हे न बघताच हे गेले बैल सोडायला. गोठा खिडकीला लागून. संध्याकाळी साळूबाईनं गवळण लावा म्हटलं, तर गवळण अर्ध्यात तुटली आणि टेपमधून कारभारी बोलायला लागले, बैलाशी! "सरक की रं... पाय कुठं ठिवतो? माझ्या पायावर? आता तूबी मोड माझा पाय, म्हंजी दोघंबी पडून ऱ्हातो! ...ती बोलत न्हाई, तू ऐकत न्हाई... मी कुनाशी बोलू रं? सांग की... कुनाशी बोलू?"

कारभारी टेप बंद करायला धावले, बटण सापडेना! आणि साळूबाई... आधी नुसतं अंग हललं, त्यांना वाटलं रडतेय, आणि मग जी हसत सुटली, जी हसत सुटली, प्लास्टर पलंगावर खडखड वाजायला लागलं! हसता हसता खरंच डोळे भरले. म्हणाली, "बैलाला इचारता व्हय? मला इचारायचं की!"

त्या संध्याकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

प्लास्टर निघालं, साळूबाई काठी घेऊन अंगणात आली. कारभाऱ्यांनी कौतुकानं खोकं पुढं केलं, "कोनती लावू?" तर म्हणते, "बंद करा ते. चांगुनाबाई यायलीय, गोजरबाई यायलीय. समोर मानसं असताना डबा कशाला वाजवायचा?"

तेव्हापासून रोज चार वाजले की त्यांच्या ओसरीवर अकरा बायका. एक गाते, बाकीच्या धरतात, साळूबाई मधोमध. आणि कारभारी? मी एकदा गेलो तर चुलीपुढं बसलेले, डोळ्यांत धूर, पातेल्यात अकरा जणींचा चहा. म्हटलं, अहो भाऊ, एवढं सगळं जमवलंत, बाहेर बसून ऐका तरी!

चहाला उकळी आली, त्यांनी घाईघाईनं पातेलं उतरवलं, हात पोळला, फुंकर मारत म्हणाले, "गप बस. ती गातीय. आन् हे बग, कपबशा कमी पडत्यात, तुझ्या घरनं घेऊन ये."

गेलो आणायला. करता काय!